लष्करी कारखाने आणि डेपोंमधील घातक कचरा : तो कमी का करायचा, आणि घरच्यांनी काय काळजी घ्यायची?

थोडक्यात

- दारुगोळा कारखाने, विमान व वाहन दुरुस्तीचे डेपो, गोदी आणि फायरिंग रेंज या ठिकाणी शिसे, क्रोमियम, कॅडमियम, सॉल्व्हंट, जुने तेल, रंग आणि स्फोटकांचे अवशेष असा घातक कचरा तयार होतो.
- याचा त्रास फक्त कामगाराला होतो असे नाही. कपडे, चपला आणि विहिरीचे पाणी यांतून तो घरापर्यंत येऊ शकतो.
- कचरा तयार झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्यापेक्षा तो मुळात कमी तयार होणे केव्हाही चांगले.
- तुम्ही किंवा घरातले कोणी अशा ठिकाणी काम करत असेल, तर डॉक्टरांना फक्त 'सरकारी नोकरी' सांगू नका. कोणत्या सेक्शनमध्ये, कोणत्या पदार्थासोबत काम आहे ते सांगा.

घातक कचरा म्हणजे काय?

जो कचरा विषारी आहे, पेट घेतो, धातू किंवा कातडी खातो, किंवा स्फोट पावू शकतो, त्याला घातक कचरा म्हणतात. घरच्या कचऱ्यासारखा तो कुंडीत टाकून चालत नाही. भारतात यासाठी २०१६ चे घातक कचरा नियम आहेत. हा कचरा तयार करणाऱ्या कारखान्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात आणि कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. या नियमांनी पसंतीचा क्रमही ठरवून दिला आहे. आधी कचरा टाळा, मग कमी करा, मग परत वापरा, मग त्यातून उपयोगी भाग काढून घ्या, आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट लावा.

महाराष्ट्रात खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, भद्रावती आणि नागपूरजवळ अंबाझरी येथे संरक्षण उत्पादनाचे कारखाने आहेत. ओझरला विमानांचे काम होते, मुंबईत नौदलाची गोदी आहे. या कारखान्यांच्या वसाहतींत आणि शेजारच्या गावांत हजारो कुटुंबे राहतात. म्हणून ही माहिती केवळ व्यवस्थापनाने वाचायची नाही, तुम्हीही वाचायची आहे.

हा कचरा येतो कुठून?

लष्करी तळ म्हटला की डोळ्यांसमोर बंदूक आणि बॉम्ब येतात. पण रोजचा बराचसा घातक कचरा साध्या दुरुस्तीच्या कामातून येतो.

- विमान, गाडी किंवा सुटे भाग धुण्याचे आणि ग्रीस काढण्याचे सॉल्व्हंट
- जुना रंग उतरवण्याचे रसायन आणि त्याचा चिखल
- उरलेला, मुदत संपलेला रंग, थिनर, चिकटद्रव्य
- क्रोम आणि कॅडमियमचा मुलामा देताना निघणारे पाणी व गाळ
- जुने इंजिन तेल, तेलाने भिजलेल्या चिंध्या, फिल्टर
- शिशाच्या बॅटऱ्या
- गोळे-काडतुसे भरताना व धुताना निघणारे पाणी. टीएनटी मिसळलेले पाणी उन्हात गुलाबी होते, म्हणून त्याला 'गुलाबी पाणी' असेच नाव पडले आहे.
- आग विझवण्याच्या सरावात वापरलेला फेस

शरीरात कसा शिरतो?

चार वाटा आहेत. *श्वासातून* वाफ, धूर आणि धूळ जाते. *कातडीतून* सॉल्व्हंट, टीएनटी आणि नायट्रोग्लिसरीन सहज आत जातात. यासाठी जखम असावी लागत नाही. *तोंडातून* म्हणजे न धुतलेल्या हाताने डबा खाणे, तंबाखू मळणे, विडी ओढणे. आणि *पाण्यातून*, म्हणजे जमिनीत मुरलेले रसायन भूजलात उतरून विहीर-बोअरपर्यंत पोहोचते. तंबाखूची वाट आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. शिशाची धूळ लागलेल्या तळहातावर मळलेली तंबाखू म्हणजे दिवसातून दहा वेळा शिसे तोंडात ठेवणे.

कोणत्या पदार्थाने काय त्रास होतो?

*शिसे* (बॅटरी, फायरिंग रेंज, काडतुसे, जुना रंग): पोटात कळा, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, चिडचिड, रक्तदाब वाढणे, मूत्रपिंड बिघडणे. मनगटाची ताकदही जाऊ शकते. लहान मुलांत बुद्धी आणि शिकण्यावर परिणाम होतो, तोही बाहेरून काही लक्षण न दिसता.

*सॉल्व्हंट* (ट्रायक्लोरोएथिलीन वगैरे): लगेच गरगरणे, डोके दुखणे, गुंगी. बरीच वर्षे संपर्क राहिल्यास मूत्रपिंडाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ट्रायक्लोरोएथिलीनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

*रंग उतरवण्याचे मिथिलीन क्लोराइड*: हे शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत यामुळे मृत्यू होऊ शकतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हा फरक ओळखत नाही, तो ९८ दाखवत राहतो. त्या आकड्यावर विसंबून रुग्णाला घरी ठेवू नये.

*क्रोमियम* (मुलामा, विमानाचा गंजरोधक प्रायमर): हातावर खोल, कमी दुखणारे व्रण, नाकातून रक्त, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक, दमा आणि फुप्फुसाचा कर्करोग.

*कॅडमियम*: मूत्रपिंड आणि हाडे. एकदा आत गेलेले कॅडमियम वर्षानुवर्षे बाहेर पडत नाही.

*टीएनटी*: हात पिवळट आणि केस तांबूस होतात. यकृताला सूज, रक्त फुटणे, अस्थिमज्जा बिघडून रक्त न बनणे आणि मोतीबिंदू होऊ शकतो. जी६पीडी कमतरता असलेल्यांना धोका जास्त. हात पिवळे दिसणे हा नुसता डाग असू शकतो. पण डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर ती कावीळ समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

*नायट्रोग्लिसरीन* (प्रणोदक व स्फोटक कारखाने): रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी डोके ठणकते. दोन-तीन दिवसांत शरीर सरावते. खरा धोका उलट्या बाजूला आहे. सुटीत संपर्क अचानक थांबला की रक्तवाहिन्या आकसतात आणि छातीत दुखू शकते, क्वचित हृदय बंद पडते. म्हणून अशा कामगाराला रविवारी किंवा सोमवारी सकाळी छातीत दुखले तर 'गॅस झाला' म्हणून सोडून देऊ नका. हे काम करणाऱ्यांनी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

*दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग*: यातील आयसोसायनेटमुळे दमा होतो. कामाच्या दिवशी धाप आणि रात्री खोकला, सुटीत बरे वाटणे ही त्याची खूण आहे.

कचरा जमिनीत गेला की काय होते? दोन उदाहरणे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅम्प लेजून हा मरीन सैनिकांचा तळ आहे. १९५३ ते १९८७ या काळात तेथील पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन, ड्रायक्लीनिंगचे रसायन आणि बेंझीन मिसळत होते. तळावरील गळक्या टाक्या, सांडलेली आणि पुरलेली रसायने आणि तळाबाहेरील एक ड्रायक्लीनिंगचे दुकान ही त्याची कारणे होती. १९८२ मध्ये एका ठिकाणी ट्रायक्लोरोएथिलीन लिटरला १४०० मायक्रोग्रॅम सापडले. आज तेथील मर्यादा ५ आहे. सैनिकच नव्हे, त्यांच्या बायका-मुलांनीही तेच पाणी वापरले. अमेरिकी सरकारने २०१७ मध्ये तेथे राहिलेल्या सैनिकांसाठी आठ आजार या पाण्याशी जोडलेले मानले. रक्ताचा, मूत्रपिंडाचा, यकृताचा व मूत्राशयाचा कर्करोग आणि पार्किन्सनचा आजार त्यांत आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे राहिलेल्या सैनिकांत पार्किन्सनचा धोका दुसऱ्या तळावरील सैनिकांपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त आढळला.

दुसरे उदाहरण युटा राज्यातील हिल हवाई तळाचे. येथे लढाऊ विमानांची दुरुस्ती होते. जुन्या काळी सॉल्व्हंट खड्ड्यांत ओतले गेले. ते भूजलातून शेजारच्या वस्त्यांखाली पोहोचले आणि त्याची वाफ जमिनीतून काही घरांच्या तळघरात शिरू लागली. १९८७ मध्ये हा तळ देशातील सर्वांत दूषित जागांच्या यादीत घातला गेला. अजूनही साफसफाई चालू आहे, घरांतील हवा तपासली जाते आणि गरज असेल तिथे वाफ बाहेर काढणारी यंत्रणा बसवली जाते.

यातून एकच गोष्ट घ्यायची. खड्ड्यात ओतायला काही मिनिटे लागतात, बाहेर काढायला पिढ्या जातात.

मग कचरा कमी कसा करतात?

१. पद्धत बदलणे. हिल तळावरच याचे चांगले उदाहरण घडले. विमानाचा जुना रंग मिथिलीन क्लोराइड आणि फिनॉलने उतरवत. त्यातून ढिगाने विषारी चिखल आणि पाणी निघे. १९८०च्या दशकाच्या मध्याला तेथे प्लास्टिकचे बारीक दाणे हवेच्या झोताने मारून रंग उतरवायला सुरुवात झाली. दाणे गोळा करून पुन्हा वापरता येतात. एफ-४ विमानाला आधी सुमारे ३४० मनुष्यतास लागत, ते ४० च्या आसपास आले. विषारी पाणी जवळपास उरले नाही. राहिली ती रंगाची कोरडी धूळ. मात्र त्या धुळीत क्रोमियम असते, म्हणून तिथेही श्वसनयंत्र लागतेच. एक धोका गेला म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवायची नसते.

२. पदार्थ बदलणे. ग्रीस काढायला सॉल्व्हंटऐवजी गरम पाणी आणि साबणद्रव्य, कॅडमियमऐवजी शक्य तिथे ॲल्युमिनियमचा मुलामा, जास्त विषारी क्रोमियमऐवजी कमी विषारी प्रकार, आगीच्या सरावात फेसाऐवजी साधे पाणी.

३. 'औषध दुकाना'ची पद्धत. कॅलिफोर्नियातील पॉइंट मुगू येथील नौदल तळाने ही कल्पना १९९०च्या सुमारास रुजवली आणि नंतर ती इतर तळांवर पसरली. आधी प्रत्येक सेक्शन आपापला रंग, थिनर आणि चिकटद्रव्य भरपूर मागवून कपाटात ठेवी. वापर थोडाच होई, बाकीच्याची मुदत संपे आणि न उघडलेला डबासुद्धा घातक कचरा ठरे. नव्या पद्धतीत सर्व रसायने एकाच ठिकाणी ठेवली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मोजक्या गोळ्या मिळतात, तसे कामापुरते रसायन मोजून द्यायचे. उरलेले परत घ्यायचे आणि पुढच्या माणसाला आधी तेच द्यायचे. कोणी काय वापरले याची नोंद आपोआप राहते. डॉक्टरांच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची, कारण वीस वर्षांनी आजार झाला तर कामगार कशाच्या संपर्कात होता हे सांगता येते.

४. वेगवेगळे ठेवणे. जुन्या तेलात थोडे सॉल्व्हंट मिसळले तर सगळे पिंप पुनर्वापरातून बाद होते. तेल वेगळे, सॉल्व्हंट वेगळे, बॅटऱ्या वेगळ्या, आणि प्रत्येक पिंपावर मराठीत किंवा हिंदीत नाव व तारीख.

५. परत वापरणे व शुद्ध करणे. सॉल्व्हंट ऊर्ध्वपातन करून पुन्हा वापरता येते. टीएनटीचे पाणी सक्रिय कोळशातून गाळतात. मात्र तो वापरलेला कोळसाही नंतर घातक कचराच असतो.

६. उघड्यावर जाळू नये. स्फोटकांचे काही अवशेष वाहून नेणेच धोक्याचे असल्याने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नष्ट करावे लागतात. पण तेलाच्या चिंध्या, रंगाचे डबे आणि प्लास्टिक जाळण्याला असे कोणतेही कारण नाही.

घरी काय करावे?

- कामाचे कपडे आणि बूट कामावरच बदला. शक्य असेल तर अंघोळ करूनच घरी निघा.
- कपडे घरी आणावेच लागत असतील तर बंद पिशवीत आणा, झटकू नका, वेगळे धुवा. धुणाऱ्या व्यक्तीने हातमोजे घालावेत.
- मुलांना उचलून घेण्याआधी हात-तोंड धुवा, कपडे बदला.
- घरात झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.
- रसायनाचे रिकामे ड्रम घरी आणू नका. कितीही धुतले तरी पाणी किंवा धान्य साठवायला ते चालत नाहीत.
- फायरिंग रेंजजवळचे पितळ, शिसे किंवा तुकडे भंगारात विकण्यासाठी गोळा करू नका. असे करताना स्फोट होऊन माणसे दगावली आहेत. न फुटलेला गोळा दिसला तर हात न लावता लांब जा आणि ११२ ला कळवा.
- पाण्याला तेलाचा, थिनरचा वास किंवा विचित्र रंग आला तर ते पिणे-स्वयंपाकाला थांबवा आणि तपासणीसाठी द्या. *उकळल्याने धातू जात नाहीत, आणि सॉल्व्हंटची वाफ घरात पसरते.*

डॉक्टरांना काय सांगावे?

दवाखान्यात जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: सेक्शनचे नाव व तेथे किती वर्षे, हाताळलेले पदार्थ (डब्यावरील नावाचा फोटो चालेल), कोणते मास्क-हातमोजे वापरता, त्रास कामाच्या दिवशी वाढतो का, बरोबरच्या आणखी कोणाला तसाच त्रास आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एकाला झालेला खोकला हा खोकला असतो, एकाच सेक्शनमधल्या पाच जणांना झालेला खोकला ही सूचना असते.

गरजेनुसार या तपासण्या होतात: रक्तातील शिसे, हिमोग्लोबिन व रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, लघवीतील कॅडमियम किंवा क्रोमियम, फुप्फुसाची क्षमता, श्रवण आणि डोळे. दम्याची शंका असल्यास फुंकर मारायच्या छोट्या यंत्राने दोन ते चार आठवडे, कामाच्या आणि सुटीच्या दिवशीही, नोंदी ठेवतात.

रक्तातील शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर शिसे कोठून येते ते शोधून संपर्क थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी 'इतके चालते' अशी सुरक्षित पातळी नाही.

केव्हा लगेच रुग्णालयात न्यावे?

- रसायनाच्या वाफेने गुंगी, बडबड, बेशुद्धी किंवा झटका
- ओठ-नखे निळी पडणे
- छातीत दुखणे, धाप
- कावीळ, गडद लघवी
- डोळ्यात रसायन उडणे (आधी वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा)

१०८ ला फोन करा. बंद टाकीत किंवा खोलीत पडलेल्याला काढायला श्वसनयंत्राशिवाय आत उतरू नका. अशा वेळी वाचवायला गेलेलाही दगावतो.

नेहमीचे प्रश्न

*तक्रार केली तर नोकरीवर परिणाम होईल का, ही भीती वाटते.*
ही भीती खरी आहे, पण ती एकट्याने सोसू नका. धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची वैद्यकीय तपासणी आणि धोक्याची माहिती देणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. तपासणीच्या अहवालाची प्रत मागा आणि घरी जपून ठेवा. सुरक्षा समिती किंवा युनियनमार्फत प्रश्न मांडा. त्यात कोणतेही गुपित फुटत नाही. डॉक्टरांना तोफ कशी बनते हे नको आहे, तुमच्या हाताला काय लागते ते हवे आहे.

*निवृत्तीनंतर तपासणी लागते का?*
हो. क्रोमियम किंवा सॉल्व्हंटमुळे होणारे कर्करोग अनेक वर्षांनी दिसतात. लघवीतून न दुखता रक्त येणे, वजन घटणे, न थांबणारा खोकला यांकडे दुर्लक्ष करू नका, आणि जुने काम आवर्जून सांगा.

*दूध-गूळ खाल्ल्याने विष उतरते का?*
नाही. सकस आहार, लोह आणि कॅल्शियम चांगलेच. त्यांची कमतरता असेल तर शिसे जास्त शोषले जाते. पण आत गेलेले विष दुधाने निघत नाही. शिसे बाहेर काढण्याची औषधे फक्त ठरावीक पातळीनंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. संपर्क चालू ठेवून ती घेण्यात अर्थ नाही. काही भस्मांत स्वतःच शिसे-पारा असतो, त्यामुळे तशी औषधे परस्पर घेऊ नका.

*मास्क लावला की झाले ना?*
मास्क ही शेवटची भिंत आहे. धुळीचा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी वेगळे फिल्टर लागते आणि ते वेळेवर बदलावे लागते. त्यापेक्षा ते सॉल्व्हंटच वापरातून गेले तर मास्क विसरलेल्या माणसाचेही रक्षण होते, आणि त्याच्या मुलांचेही.

लक्षात ठेवा

ही माहिती सर्वसाधारण आहे, ती तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही. वर सांगितलेला पाच ओळींचा कागद आजच लिहा आणि रुग्णालयाच्या फाइलमध्ये लावून ठेवा. आज त्रास नसला तरी पुढे त्याची गरज पडू शकते.